पट्टेवाल्या अळ्या

“बघ! नावालाही एक ठेवली नाही,” वाइओला म्हणाली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

शेजारची नोलीन आजच दवाखान्यातून घरी आली होती. नवा बसवलेला खुबा ठणकत असताना वॉकर ढकलत ती घरात न जाता आधी बागेतल्या हंसझाडापाशी आली. हंसासारख्या शेंगांचं ते कमरेएवढं झुडूप. तिनं एक पान उलटून पाहिलं. मग दुसरं. मग खालची फांदी.

“कुठे गेल्या?”

“साबणाच्या पाण्यात! आधी कोंबड्यांना घातल्या, तर त्यांनीसुद्धा तोंड लावलं नाही. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, बोटाएवढ्या माजलेल्या! अर्धं झाड फस्त केलं होतं मेल्यांनी. माझं लक्ष गेलं म्हणून वाचलं हो.”

नोलीनची हनुवटी थरथरली. “मी तुला फक्त पाणी घालायला सांगितलं होतं, वाइओला.” एवढंच बोलून ती आत गेली आणि दार लागलं.

वाइओला पाण्याचा डबा हातात धरून तशीच उभी. चुकलं कुठे? पाणी तर रोज घातलं होतं. टोंगा बेटांवर तिच्या गावी, राखायला घेतलेली बाग किडीनं खाल्ली तर रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवायची सोय नसे. आणि इथे वाइओलाच्या कोबीवर हिरव्या अळ्या पडल्या, तेव्हा कुंपणावरून ओरडणारी हीच नोलीन ना? ‘दिसली की चिरड. दयामाया नको!’

संध्याकाळी तिची लेक लुपे कामावरून आली. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला.

“अगं आई, ती पाळत होती त्यांना! त्यांची केशरी फुलपाखरं होतात. त्यांच्यासाठीच लोक ते झाड विकत आणतात इथे. पानं संपली तर भोपळ्याच्या फोडी घालतात.”

“किडीला? भोपळा?”

“हो.”

“आणि आपल्या कोबीवरच्या?”

“त्या मारायच्या.”

“त्यांची फुलपाखरं होत नाहीत?”

“होतात की. पांढरी.”

“मग?”

लुपे आत जायला वळली. “मला नको विचारूस बाई. तसंच असतं इथे.”

वाइओलाच्या डोक्यात काही शिरेना. खाणारी ती कीड. एक लाडकी नि एक दोडकी कशी? पण ती हनुवटी डोळ्यांपुढून हलत नव्हती. अख्ख्या गल्लीत तिला नावानं हाक मारणारी एकटी नोलीन. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बंद दाराचं काय करायचं?

सकाळी ती कोबीच्या वाफ्यात बसली. हिरव्या अळ्या एकेक करून अलगद उचलल्या, जन्मात कधी उचलल्या नव्हत्या इतक्या जपून. ताटलीत भोपळ्याची फोड ठेवली, तिच्यावर त्या सोडल्या, वर फडकं झाकलं आणि नोलीनचं दार वाजवलं.

“भरपाई,” ती म्हणाली. “पट्टे नाहीत यांना. पण खायला तेवढ्याच हावऱ्या आहेत.”

नोलीननं फडकं उचललं. एक अळी ताटलीच्या काठावर चढत होती. सवयीनं नोलीनचा अंगठा आणि बोट पुढे झालं, चिमटीत ती अळी आलीसुद्धा. समोर वाइओला श्वास रोखून बघत होती. चिमूट तशीच थांबली. मग नोलीननं अळी परत भोपळ्यावर ठेवली. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“अगं वेडे, या माझ्या झाडाला तोंडही लावणार नाहीत.”

वाइओलाचा चेहरा पडला. “मग काय करू यांचं? मारू की ठेवू? काय ते एकदाचं सांग ना मला!”

नोलीननं फडकं पुन्हा ताटलीवर अलगद पसरलं.

“तुझ्याकडे कोबीचं एखादं जास्तीचं रोप आहे का गं?” ती म्हणाली. “कुंडीत लावून दे. इथे, माझ्या दाराशी.”