हललेला फोटो

"फ्लॅश मारायचा नाही हं," नर्सबाईंनी दारातच बजावलं. "आणि पडदाही उघडायचा नाही."

फोटोग्राफरने मान डोलावली. काचेच्या पेटीत त्याची भाची होती, त्याच्या तळहातापेक्षा थोडीशीच मोठी. डॉक्टरांनी सकाळीच हात टेकले होते. संध्याकाळ गाठली तरी खूप, असं म्हणाले होते. ठोके मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक जिवाला लागते म्हणून नर्सबाईंनी त्याचा आवाजही बंद करून टाकला होता. भाऊजी बाहेर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना आत बघवत नव्हतं.

"दादा, एकच फोटो," पेटीशेजारी बसलेली त्याची धाकटी बहीण म्हणाली. "फोनमध्ये नुसता काळोख येतोय. तिचे नाकडोळे नीट दिसू देत. जिवंतपणीचा एक तरी हवा मला."

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि पहिलाच फोटो हललेला आला. कॅमेरा चांगला होता. रडगाणं लेन्सचं होतं. कॅमेऱ्याबरोबर आलेली ही लेन्स उन्हात झकास, पण असल्या अंधारात शटर इतका वेळ उघडं ठेवावं लागे, की समोरच्याने बोट हलवलं तरी फोटोत फराटा उठे. जास्त उजेड आत घेणारी लेन्स तो कधीपासून शोधत होता. "तुमच्यासारख्या छोट्या कॅमेऱ्यासाठी कंपनी तसली काढतच नाही हो," दुकानदाराचं ठरलेलं पालुपद. "मोठ्या कॅमेऱ्याची घ्या, तुमच्याला बसते." तिची किंमत त्याच्या कॅमेऱ्याच्या दुप्पट. "घ्या की," बायको म्हणाली होती. "मग रोज लेन्सलाच जेवायला वाढते, आपण बघत बसू." दोघंही पोट धरून हसले होते.

आता त्याला स्वतःचा राग राग येत होता.

पोर भारी चुळबुळी होती. एवढ्या नळ्यांच्या जंजाळातूनही मूठ उचलायची, पाय झाडायची, तोंड वेडंवाकडं करायची. फोटो हलला. पुसला. पुन्हा हलला. पुसला. लग्नांच्या धामधुमीत जडलेली सवय होती ती. बिघडलेला फोटो गिऱ्हाइकाच्या नजरेला पडायच्या आत जागच्या जागी उडवायचा. अंगठा आपोआप त्या बटनावर जायचा.

"थांब ना गं राणी जरा," तो पुटपुटला. "मामासाठी."

श्वास रोखून त्याने पुन्हा बटन दाबलं.

पापण्या, नाकाचा शेंडा, इवलीशी नखं, सगळं आलं. इतका स्वच्छ फोटो ह्या लेन्सने त्याला आजवर दिला नव्हता.

"तायडे, मिळाला!" तो जवळजवळ ओरडलाच.

बहिणीने स्क्रीनवर पाहिलं. मग पेटीकडे पाहिलं. नर्सबाई लगबगीने आल्या. आत हात घालून त्यांनी त्या एवढ्याशा छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं, आणि बहिणीच्या पाठीवर हात ठेवला.

खोलीत कुणीच हललं नाही.

"आधीचे दाखव," शेवटी बहीण म्हणाली.

"आधीचे हलले होते गं. पुसले मी."

"सगळे?"

बटन दाबत तो फोटोंमध्ये मागे गेला. एक उरला होता, घाईत पुसायचा राहिलेला. त्यात चेहरा असा नव्हताच. वर उचललेल्या मुठीचा नुसता गुलाबी फराटा. असला फोटो त्याने आजवर कुणाला दाखवला नव्हता. त्याने कॅमेरा छातीशी धरला.

बहिणीने तो ओढून घेतला. त्या फराट्यावर अलगद बोट ठेवलं.

"हाच दे मला," ती म्हणाली. "ह्यात ती हलतेय."