‘ख’चा रकाना

दवाखान्याचं सॉफ्टवेअर नवं झालं आणि जुन्या डेटाबेसची झाडाझडती कॉम्प्युटरवालीच्या गळ्यात पडली. तपासणीच्या टूलने शेकडो रकान्यांमधला एक लाल केला: ‘ख’. अर्थ नोंदलेला नाही, कुठलाच प्रोग्राम वापरत नाही, काढून टाका. पुसण्याआधी तिने निवृत्त झालेल्या कारकूनकाकांना फोन लावला. “काका, हा ‘ख’ कशाचा हो?” काका म्हणाले, “खिडकीचा. जो पेशंट आता घरी जाणार नाही, त्याला खिडकीजवळचा बेड द्यायचा. सिस्टर स्क्रीनवर बघायच्या आणि मुकाट्याने हलवायच्या.” “मग कुठे लिहून का नाही ठेवलंत?” “अगं, कागद नातेवाइकांच्याही हाती पडतात. त्यांनी वाचलं असतं तर?” तिने फोन ठेवला. अर्थ भरल्याशिवाय टूल रकाना ठेवू देईना. तेव्हा जबाबदार व्यक्ती म्हणून तिने स्वतःचं नाव घातलं आणि अर्थाच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं: ‘पेशंटला खिडकी आवडते.’