डुलणाऱ्या सँडल

फाटकापाशी सिस्टर पुन्हा डुलल्या आणि त्यांनी नवऱ्याचा डावा दंड घट्ट पकडला.

"या वयात ही थेरं सांगितली कोणी?" मास्तर करवादले. पण दंड सोडवून घेतला नाही.

थेरं म्हणजे नव्या सँडल. तळ होडीसारखा गोल, मधे जाड, टोकांना उचललेला. खोक्यावर छापलं होतं, चालता चालता पोटऱ्या सुडौल, कंबरदुखी गायब, पायांना परमसुख. सुख कसलं, नुसतं उभं राहायचं म्हणजे तारेवरची कसरत. लेक तर पोट धरून हसली. "आई, जन्मभर वॉर्डात सपाट चपला घालून राबलीस. आता कोणाला पोटऱ्या दाखवायच्यात?"

"हौस," सिस्टर म्हणाल्या आणि पट्टा आवळला.

मास्तरांनी जन्मभर शाळेत कवायत शिकवली होती. गल्लीत त्यांच्याइतका ताठ चालणारा दुसरा माणूस नव्हता. लकव्यानं डावी बाजू कमजोर झाली आणि त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, चालला नाहीत तर पाय कायमचा जाईल. काठी आणली, ती पलंगाखाली गेली. लेकीनं हात पुढे केला तर म्हणाले, "मला कोणी धरून चालवायचं नाही. त्यापेक्षा खुर्ची बरी." मग दिवसभर खिडकीशी बसून समोरचा गच्चीचा जिना बघत राहायचे. सिस्टरांना ते बघवत नव्हतं.

तेवढ्यात या सँडल आल्या. "अहो, मी एकटी पडेन. कोपऱ्यापर्यंत तरी सोबत या." बायको पडेल म्हटल्यावर मास्तर उठले. कुरकुरत उठले, पण उठले. मग रोजचंच झालं. कोपऱ्यावरून चौक, चौकातून बाग. वाटभर शिकवणी चालू. "टाच आधी टेक. समोर बघ. पायांशी काय सोनं सांडलंय?" बायकोला शिकवता शिकवता त्यांचीही टाच आधी टेकायला लागली.

एका दुपारी लेक न कळवता आली. आई त्याच सँडल घालून गच्चीवरून उतरत होती. दोन्ही हातांत बादल्या, आणि चाल अगदी सरळ.

"आई, तू तर डुलत नाहीस."

"हळू बोल गं, बाबांची झोप सावध असते." सिस्टरांनी बादल्या खाली ठेवल्या. "जन्मभर पेशंट चालवलेत मी. ज्याला आधार घ्यायला आवडत नाही, त्याच्याकडे आपणच आधार मागायचा."

उन्हाळा सरेपर्यंत मास्तर एकटे दुकानापर्यंत जाऊन यायला लागले. सिस्टरांनी सँडल खोक्यात घातल्या, खोकं पलंगाखाली काठीशेजारी सरकवलं. संध्याकाळी साध्या चपला घालून त्या दारात उभ्या राहिल्या. काम फत्ते झालं होतं, आनंदच होता. तरी आता हाताचं काय करायचं ते त्यांना सुचेना, आणि जरा वाईट वाटलं.

मास्तरांचा पत्ता नव्हता. आतून खुडबुड ऐकू येत होती. थोड्या वेळानं ते बाहेर आले, सावकाश वाकले आणि सँडल बायकोच्या पायांशी जोडीनं ठेवल्या.

"या घाल," ते म्हणाले. "बादल्या घेऊन जिना नीट उतरतेस, ते मी खिडकीतून रोज बघतो. माझ्याबरोबर चालताना मात्र डुलत चल."