उजव्या हाताची जागा

"कोगालाचा नकाशा तू घेऊन जा. मी त्या गावाला जाणार नाही."

ओडेरोनं कागदाची गुंडाळी टेबलावर टाकली. समोर म्वेंडे भाजलेलं कणीस खात बसली होती. दाणे चावत तिनं त्याच्याकडे बघितलं.

"का? तिथल्या सगळ्या मुलींना लग्नाचं वचन देऊन बसलायस की काय?"

ओडेरो हसला नाही. तेव्हा तिला आठवलं, कोगाला हे त्याचं स्वतःचं गाव.

किसुमू शहरातल्या मासळी बाजारामागच्या दोन खोल्यांत या दोघांनी कंपनी थाटली होती. बाहेरून आणलेल्या ड्रोनचे पंख मोडले की सुटे भाग यायला महिनोन् महिने लागत. शेवटी वैतागून ओडेरोनं मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यांतून पंख कापून काढले. विमानाला माशांचा वास यायचा आणि लोक पोट धरून हसायचे. पण ते उडायचं, आणि मोडलं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा उडायचं. त्याच्याच जोरावर त्यांना पहिलं मोठं काम मिळालं होतं. पूर आला की न्यांडो नदीचं पाणी कुठल्या घरात कितपत चढेल, त्याचा नकाशा करायचा. उद्यापासून तो गावोगाव लोकांसमोर पसरायचा होता.

ओडेरोच्या बाबांना मात्र नकाशाचा भारी तिटकारा. फार पूर्वी मोजणीवाले आले, दगड रोवून गेले आणि बाबांच्या शेताची नदीकडची पट्टी शेजाऱ्याच्या नावावर लागली. तेव्हापासून घरात मोजणीचं नाव काढायची सोय नव्हती. थोरला मुलगा बँकेतली नोकरी सोडून तेच करायला लागला, हे कळलं त्या दिवशी बाबा फाटकात आडवे उभे राहिले. म्हणाले, "मोजणीवाल्याला माझ्या कुंपणाच्या आत जागा नाही." ओडेरोही त्यांचाच मुलगा. आला तसा मागे फिरला आणि तीन वर्षं त्यानं तिकडे तोंड केलं नाही. आई गुपचूप फोन करायची, पण घरचा विषय निघाला की तोच तो तोडायचा.

"जाऊ नकोस. निदान बघ तरी," असं म्हणत म्वेंडेनं गुंडाळी दोघांच्या मध्ये पसरली.

नको नको म्हणत त्यानं बघितलंच. विमानानं वरून टिपलेल्या चित्रात त्याच्या घराचं हिरवं कुंपण गोल फिरलं होतं. कागदावर वरच्या अंगाला आईच्या घराचं छप्पर होतं, खाली त्याच्या समोर फाटक. आणि फाटकाजवळ, उजव्या बाजूला, कोऱ्या पत्र्याचं एक छोटं घर चमकत होतं. ओडेरोचा चेहरा उतरला.

"काय रे?"

"फाटकाजवळची उजव्या हाताची जागा थोरल्या मुलाची असते. डाव्या हाताची धाकट्याची. आमच्यात कुणाला विचारावं लागत नाही, घरं बघूनच कळतं कोण कितवा ते." त्यानं त्या पत्र्यावर बोट ठेवलं. "माझी जागा धाकट्या भावाला, अबुयाला दिली, म्वेंडे. आता मी त्यांचा थोरला नाही. कोणीच नाही."

म्वेंडेनं कणीस बाजूला ठेवलं. ती कांबा जमातीची, तिच्याकडे या रीती नव्हत्या. पण तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"उजवीकडे कुठंय? हे तर डावीकडे आहे."

"तू उलट्या बाजूला बसलीयस."

"बरं, मी उलटी. मग सुलटं कुठून बघायचं तुमच्यात?"

"आईच्या दारातून. फाटकाकडे तोंड करून…"

बोलता बोलता तो थांबला. उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीमागे आला. आता आईचं घर त्याच्या पुढ्यात होतं आणि फाटक पलीकडे. पत्र्याचं घर डाव्या हाताला आलं होतं. नकाशात उत्तर दिशा कायम वर. आभाळातून बघायची इतकी सवय लागली होती की आईच्या दारात उभं राहायचंच तो विसरला होता.

मग त्यानं घाईघाईनं संगणकावर तेच चित्र काढलं आणि उजव्या हाताची जागा मोठी केली. कुंपणाच्या आत जागा मिळेल तिथं बाबांनी मका लावला होता. तेवढ्या तुकड्यावर मात्र नव्हता. तिथली माती साफ केलेली होती आणि तिच्यावर चार बारीक काळ्या सावल्या पडल्या होत्या.

"या कसल्या रे?" म्वेंडेनं विचारलं.

"घराच्या खांबांच्या, मेढींच्या. थोरल्याच्या आधी धाकट्यानं घर बांधायचं नसतं. थोरला लांब असला तर बाप त्याच्या जागेवर नावापुरत्या चार मेढी रोवतो. मग धाकट्याचं घर उभं राहतं." एवढं सांगून ओडेरो रडायलाच लागला. म्वेंडेनं त्याला रडू दिलं आणि मग त्याचा फोन त्याच्या हातात कोंबला.

"लाव. माशांच्या खोक्याचं विमान उडवतोस आणि बापाला फोन करायला घाबरतोस?"

घंटी बराच वेळ वाजली.

"कोण?"

"मी. ओडेरो."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"परवा डोक्यावरून ते पाखरू गेलं," बाबा म्हणाले, "ते तुझंच का?"

"हो. नदीच्या पाण्याचा नकाशा करतोय. बाबा, पाणी तुमच्या दारापर्यंत येतंय. आईला सांगा, धान्य उंचावर ठेव म्हणावं…"

"माझ्या दाराचं सोड. या पाण्यातच म्हातारा झालो मी." बाबा खाकरले. "उजवीकडच्या मेढींपाशी किती चढतं, ते नीट बघून सांग. जोतं किती उंच घालू?"