सायासाठी काडतूस

‘‘साया मारायचा हाय,’’ रामराव म्हणाले, आणि दुकानाच्या बाकावर बसलेल्या उत्तमरावांच्या घशात भजं अडकलं.

उत्तमराव म्हणजे रामरावांच्या बायकोचे थोरले भाऊ. वऱ्हाडी जिभेवर ळ टिकत नाही. तिथे साळ्याचा, म्हणजे मेहुण्याचा, साया होतो, आणि रानातली काटेरी सायाळही घाईत सायाच होते. त्यात वऱ्हाडात तोही ‘येते’ आणि तीही ‘येते’. तेव्हा मरायचं नेमकं कोणी, हे बोलण्यावरून कळेना.

अकोल्याच्या त्या बंदुकांच्या दुकानात कमलाकांत पुण्याहून नवाच आला होता. साया हे एखादं जनावर असावं, एवढं त्याला उमगलं. त्याने रामरावांचा परवाना पाहिला आणि बावीस बोअरच्या काडतुसांच्या तीन डब्या मांडल्या.

‘‘नासधूस फार करतो का?’’

‘‘दिवायीपासून मुक्कामाले हाय. भुईमूग खाते, रतायी खाते, अन् दिवसभर पडून राह्यते.’’

उत्तमरावांनी खिशातल्या शेंगा मुठीत दाबल्या. अकोटला बहिणीकडे, वच्छलाकडे, ते दिवाळीला आले होते. आता संक्रांतही होऊन गेली होती. पहाटे जात्यावर वच्छलाच्या ओवीत भाऊ अजून चंद्रासारखा उगवायचा. फक्त जातं हल्ली जास्त वेळ फिरायचं.

‘‘ही शॉर्ट,’’ कमलाकांत सांगू लागला. ‘‘आवाज कमी, पण उंदराघुशीपुरतीच. ही लाँग रायफल गोळी, लांब जाते. आणि ही पोकळ टोकाची. आत गेली की कापसाच्या बोंडासारखी उमलते.’’

‘‘हेच द्या. कातडं लय जाड हाय त्याचं. सांगून समजत नाही.’’

‘‘भाऊजी,’’ उत्तमरावांनी हळूच विचारलं, ‘‘साया म्हंजे... कोनता?’’

रामराव वळले. त्यांनी मेहुण्याला पागोट्यापासून वहाणांपर्यंत न्याहाळलं आणि अगदी मायेनं म्हणाले, ‘‘तुमी भजे खा ना.’’

उत्तमराव उठले. चांदूर रेल्वेला आपल्या घरी गव्हाला पाणी द्यायचं राहिलंय, हे त्यांना तीन महिन्यांनी आठवलं. वळकटी अकोटलाच राहिली. धोतर सावरत ते तडक स्टेशनाकडे सुटले.

आठ दिवसांनी वच्छलाचं कार्ड आलं. ‘दादा, न सांगता काहून गेला? यांना विचारलं तर म्हणतात, सायाळीला भ्याला. आपल्या वावरात तर यंदा सायाळ फिरकलीसुद्धा नाही. वळकटी न्यायला तरी ये. रताळ्याच्या घाऱ्या करते.’

‘सायाळीला’ हा एकच शब्द धरून उत्तमरावांचा जीव भांड्यात पडला; पुढचं वाक्य नजरेतून निसटलं. घाऱ्यांचा वासही आला. ते खुंटीवरचं पागोटं काढायला उठले, आणि कार्डाच्या कडेला रामरावांच्या आडव्या अक्षरातली एक ओळ दिसली:

‘अवश्य या. डबी अजून फोडली नाही.’