खंडेनवमीचा कोहळा

"फोडा!" एकोजीराव मोटारीतूनच ओरडले आणि रस्त्याच्या मधोमध कोहळा फाटकन फुटला. लाल कुंकू, पांढरा गर, चहूकडे बियाच बिया! सनईसारखं नादस्वरम् असं रंगलं, की अख्खी गल्ली दारात आली. खंडेनवमीला मोटारीची अशी दृष्ट कुंभकोणमात कुणी काढली नव्हती.

मेहुणा राजगोपाल तेवढा तोंड पाडून उभा. तो विमा विकायचा आणि जुलैपासून मागे लागला होता. "भावोजी, आता गोऱ्या सरकारचा कायदाच झालाय. विम्यावाचून मोटार रस्त्यावर काढली तर तुरुंगसुद्धा होतो. आणि हा विमा मोटारीचा नव्हे हो, मोटारीपुढे येणाऱ्याचा!"

"मग येणाऱ्यानंच भरावा की!" राव म्हणाले होते. सगळं घर खो खो हसलं होतं. विम्याचे पैसे नादस्वरम्‌वाल्यांना गेले.

कडेच्या भिंतीशी जवळच्या स्वामीमलै गावचा मूर्तिकार स्वामीनाथ उभा होता. मोटारीत बसवायला रावांनी त्याच्याकडून छोटा गणपती ओतवून घेतला होता. "आण रे, स्वामीनाथा!" त्यांनी ऐटीत हाक मारली आणि मोटार त्याच्याकडे सोडली. चाक ओल्या गरावर आलं. रावांनी ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. मोटार आपली घसरतच गेली आणि भिंतीला जाऊन टेकली. मोटार आणि भिंत यांच्यामध्ये स्वामीनाथचा उजवा हात होता.

दसऱ्याच्या सकाळी इस्पितळाच्या व्हरांड्यात इन्स्पेक्टरनं विचारलं, "विम्याचा कागद?"

रावांनी खिशात हात घातला. कुंकवाची पुडी निघाली.

"मग खटला होणार. आणि त्याचा हात गेलाय, त्याची भरपाई तुमच्याच घरातून. मोटार विकून भागायचं नाही."

राजगोपाल शेजारीच होता. त्यानं बाकावर सरकून रावांना जागा करून दिली. "सांगितलं होतं ना" म्हणाला असता तर बरं, असं रावांना वाटलं.

ते खाटेशी गेले. सगळं भरून देतो, घर विकीन पण देतो, असं म्हणायचं ठरवून आले होते. पण त्या मनगटावरच्या पट्ट्या बघून मान वर होईना. स्वामीनाथनं डाव्या हातानं उशीखाली चाचपलं आणि गणपती पुढे केला. त्याला साधा ओरखडाही नव्हता.

"जपा, मालक," तो म्हणाला. "माझ्या हातचा शेवटचा आहे."