पडद्याखालची अक्षरं

गावच्या हॉलमध्ये चित्रपट बघायला त्रेसष्ट माणसं होती. त्यांतल्या अकरा जणांना फिनलंडच्या उत्तर टोकाची स्कोल्ट सामी भाषा येत होती, आणि दोम्ना सोडली तर ते सगळे साठीच्या पुढचे होते. पुढच्या बाकावर पाच मुलं होती. बाकीचे पडद्याखालची फिन्निश अक्षरं वाचत होते. त्यामुळे प्रत्येक विनोदाला हॉल दोनदा हसत होता. आधी म्हातारे, मग अक्षरं वाचून झाल्यावर इतर.

दोम्ना मुलांच्याच बाकावर बसली होती. पडद्यावरची नटी हेलसिंकीची. तिच्या तोंडी शब्द न् शब्द दोम्नाने बसवला होता.

"दोम्ना, ही तर तुझ्यासारखंच नाक उडवून बोलते गं!" मागून येफिम म्हातारा स्कोल्टमध्ये म्हणाला. "कान पिळलेस काय तिचे?"

"तुझे पिळायचे राहिलेत," दोम्ना म्हणाली. म्हातारे हसले.

चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत दोम्ना गावातलं भाषाघरटं चालवायची. शाळेआधीच्या मुलांची एक खोली. तिथे मोठ्यांनी फिन्निशचं अक्षर उच्चारायचं नाही, असा दंडक होता. मूल रडो, रुसो, आपल्याला फिन्निश कळतच नाही असं दोम्नाने वागायचं. दोन-तीन महिन्यांत मुलं स्कोल्टमध्ये भांडू लागायची.

मग चित्रपट आला. सरकारी निधीची अट होती की नव्वद टक्के संवाद स्कोल्टमध्ये हवेत, उच्चार अस्सल हवेत. निर्माता इल्मारी स्वतः तिच्या स्वयंपाकघरात कॉफी घेत बसला होता.

"तुझ्या खोलीत पाच पोरं," तो म्हणाला होता. "माझा चित्रपट दोन लाख लोक बघतील. भाषा कशाने टिकेल, तूच सांग."

दोम्नाला ते पटलं होतं. नगरपालिकेने तिच्या जागी कुणी मिळतंय का, ते शोधून पाहिलं. स्कोल्ट येणारी, नोकरीच्या वयाची दुसरी बाई गावात नव्हतीच. खोलीला कुलूप लागलं आणि मुलं फिन्निश बालवाडीत गेली.

"वर्षभराचाच तर प्रश्न आहे," दोम्ना आईबापांना सांगायची. येत्या सोमवारी खोली पुन्हा उघडायची होती.

पडद्यावर नटी लेकराला म्हणाली, "टोपी ओढ कानांवर, वारा झोंबतोय." घरट्याच्या दारात दोम्ना हे रोज म्हणायची. मुलं आता वाक्य ओळखून ओरडतील, म्हणून ती त्यांच्याकडे वळून थांबली.

शेजारच्या हेल्काने तिची बाही ओढली. घरट्यातली सगळ्यात बडबडी पोर. आता पाच वर्षांची झाली होती.

"दोम्ना, काय म्हणाली ती?" तिने फिन्निशमध्ये विचारलं.

दोम्नाने दंडकाप्रमाणे फिन्निश कळलंच नाही असं दाखवलं. मग तेच वाक्य तिने स्कोल्टमध्ये सावकाश म्हटलं.

हेल्का तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "सांग ना गं," ती रडवेली झाली. "सगळ्यांना कळतंय. मला नाही ना येत अजून वाचता!"

बाकीची चार तोंडंही दोम्नाकडे वळली.

चित्रपट एकशे चार मिनिटांचा होता. त्यातली तेहतीस झाली होती. उरलेली एकाहत्तर मिनिटं दोम्ना पाच मुलांना फिन्निशमध्ये गोष्ट सांगत राहिली.